चार्ट सुधारून पाठवला तरी पुढच्या महिन्यात रिपोर्ट परत तसाच? हे तपासा

आधी दुखणं काय ते सांगते. महिन्याचा रिपोर्ट, त्यात बारा-पंधरा चार्ट, दिसायला सगळे देखणे, आणि पाठवला की दोन दिवसांत तीच तीन वाक्यं परत येतात. "यातली आमच्या विभागाची लाइन कुठली?" "प्रिंट काढली तर सगळं एकसारखंच करडं येतंय." "माझ्याकडे हे वाचूनच दाखवत नाहीये." मग आपण बसतो, रंग बदलतो, फाँट मोठा करतो, परत पाठवतो, सगळे खूश. पुढच्या महिन्यात डेटा रिफ्रेश केला की जैसे थे.

माझं हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं आणि दर वेळी वाटायचं की मीच घाईत काहीतरी विसरले. तसं काही नव्हतं. मी दुरुस्ती करायचे चार्टवर क्लिक करून, एकेक बार निवडून, हाताने, आणि कुठल्या बारला कुठला रंग लागणार हे तर फाइलची थीम (ठरलेला रंगसंच) आणि सिरीजचा (चार्टमधल्या एकेका डेटा-रांगेचा) क्रम ठरवतो, त्यामुळे माझा हातचा रंग म्हणजे ओल्या भिंतीला चुना मारण्यातला प्रकार, वरून छान आणि आत ओल तशीच. खाली एक्सेलची उदाहरणं जास्त आहेत कारण बहुतेकांचं काम तिथेच चालतं, मधे मधे पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड करायचं साधन) आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचंही सांगितलंय.

पहिलं काम: रंग काढून बघा

बाकी काही करायच्या आधी रिपोर्ट करड्या रंगात बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कलर फिल्टर्स, तिथे ग्रेस्केल निवडायचं आणि खालचा कीबोर्ड शॉर्टकट चालू करून ठेवायचा, मग विंडोज-कंट्रोल-सी दाबलं की स्क्रीन करडी, परत दाबलं की रंगीत. मॅकवर पण ॲक्सेसिबिलिटीच्या डिस्प्लेमध्ये हेच फिल्टर आहेत. ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंग नावाचा टॅब आहे, त्यात शेवटाकडे 'एम्युलेट व्हिजन डेफिशियन्सीज' मिळेल, तिथे लाल-हिरवा न कळणाऱ्याला पान कसं दिसतं, धूसर नजरेला कसं दिसतं, सगळं बघता येतं.

करड्यात दोन लाइन एकच दिसायला लागल्या की समजायचं, ओळखीचं सगळं ओझं आपण एकट्या रंगावर टाकलंय. आपला नेहमीचा लाल-हिरवा घ्या ना. शुद्ध लाल, म्हणजे आरजीबीमध्ये (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ आकडे) २५५, ०, ०, पांढऱ्यावर ४:१ कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजेडातला फरक, १:१ म्हणजे फरकच नाही) देतो, आणि गडद हिरवा, म्हणजे ०, १२८, ०, पांढऱ्यावर ५.१:१ देतो. दोन्ही पांढऱ्यावर ठीकच दिसतात. पण त्या दोघांचा एकमेकांशी कॉन्ट्रास्ट निघतो जेमतेम १.३:१. म्हणजे रंगछटा काढून घेतली तर "टार्गेट गाठलं" आणि "टार्गेट हुकलं" हे जवळपास जुळे भाऊ. आणि रंगछटा न कळणारे लोक काही थोडेथोडके नाहीत, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याची अडचण साधारण ८ टक्के जणांना असते आणि बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, इतर लोकसंख्यांत हे प्रमाण थोडं कमी भरतं पण शून्य कुठेच नाही. शिवाय हे लोक बहुतेक वेळा बोलत नाहीत. आमच्याकडचे एक साहेब कित्येक मीटिंगमध्ये "पुढच्या स्लाइडवर जाऊ" म्हणायचे, मला वाटायचं त्यांना कंटाळा आलाय, नंतर एकदा सहज बोलण्यात निघालं की त्यांना त्या स्लाइडवरचे गोल वेगळे दिसायचेच नाहीत.

उपाय सोपा आहे, रंगाला एक जोडीदार द्या. वर जाणारा आणि खाली येणारा बाण, लाइनवर वेगवेगळे मार्कर, एक लाइन सलग तर दुसरी तुटक, किंवा सरळ शब्द: 'हुकलं'. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत हीच अट आहे, माहिती फक्त रंगातून द्यायची नाही.

रंग कुठले घ्यायचे

यावर लोक उगाच तासन् तास घालवतात. तयार संच आहे तो उचला. मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी संशोधकांनी आठ रंगांचा एक संच करून ठेवलाय, रंगांधळेपणाच्या नेहमीच्या प्रकारांत ते रंग एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत ४.० व्हर्जनपासून तो आतच मिळतो. माझ्या रोजच्या वापरातले तीन देते: निळा ०, ११४, १७८. शेंदरी २१३, ९४, ०. नारिंगी २३०, १५९, ०.

पण इथे एक गोम आहे, आणि मी स्वतः यात फसलेय. हा संच रंगांधळेपणासाठी चांगला आहे म्हणून पांढऱ्या पानावर प्रत्येक रंग उठून दिसेलच असं नाही. डब्ल्यूसीएजी २.१, जे २०१८ मध्ये आलं, त्यात चार्टच्या बार-लाइनसारख्या अर्थ सांगणाऱ्या आकारांना मागच्या रंगाशी निदान ३:१ कॉन्ट्रास्ट हवा असं आहे. निळा ५.२ च्या आसपास येतो, शेंदरी ३.९ च्या आसपास, दोन्ही पास. नारिंगी मात्र २.३ च्या पुढे जात नाही, नापास. मग काय, नारिंगी बारला गडद कडा द्यायची, नाहीतर नारिंगी फक्त गडद बॅकग्राउंडसाठी राखून ठेवायचा. बारीक लाइनला पिवळा तर पांढऱ्यावर कधीच देऊ नका, तो असून नसल्यासारखा.

हीटमॅपचं, म्हणजे आकडे रंगांच्या छटांनी दाखवणाऱ्या तक्त्याचं, गणित वेगळं. तिथे इंद्रधनुष्य लावायचा मोह होतो, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'जेट' नावाची ती पट्टी डीफॉल्टच होती, निळ्यापासून लालपर्यंत. तिच्यात मधला पिवळा सगळ्यात जास्त चमकतो, त्यामुळे डोळा मधल्या आकड्यांवर जातो, आणि करड्यात बघितलं तर दोन्ही टोकं गडद, म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत फरकच उरत नाही. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये जेट डीफॉल्टवरून काढला आणि पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या चार्ट लायब्ररीने २०१७ मध्ये २.० व्हर्जनला 'व्हिरिडिस' आणला, तो गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एका दिशेने उजळत जातो. कुणी अजूनही जेटच मागत असेल तर त्यांना करडी प्रिंट दाखवा, वाद तिथेच संपतो.

रंग दर महिन्याला उड्या का मारतात

आता मूळ रोग. समजा पाच विभाग आहेत, 'सेवा' विभाग निळा, 'विक्री' शेंदरी, लोकांना आता ते पाठ झालंय. या महिन्यात एका विभागाचा डेटा आला नाही, किंवा नवीन विभाग नावाच्या क्रमाने मधेच घुसला, आणि एक्सेलने रंग वाटले क्रमाने, पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. झालं, 'विक्री' निळी. वाचणारा मागच्या महिन्याच्या सवयीने निळी लाइन बघतो आणि भलत्याच विभागाला फोन करतो. (हे झालंय. फोन मलाही आला होता.)

यावर मी आता जे करते ते असं. कच्च्या डेटावर किंवा पिव्होटवर (एक्सेलच्या आपोआप होणाऱ्या सारांश-टेबलावर) चार्ट थेट लावतच नाही. मधे एक छोटं टेबल ठेवते, त्यात विभागांची नावं कायमच्या क्रमाने हाताने लिहिलेली, आणि आकडे समइफ्स या अटीनुसार बेरीज करणाऱ्या फंक्शनने कच्च्या डेटातून ओढलेले. चार्ट त्या टेबलावर. विभाग नाही आला तर त्याची जागा तशीच राहते, लाइन चार्टमध्ये तिथे शून्य न देता एनए ('आकडा नाही' सांगणारं) फंक्शन टाकते म्हणजे लाइन उगाच खाली आपटत नाही. नवीन विभाग आला तर तो कायम शेवटी. अक्षरांच्या क्रमाने लावायची हौस इथे आवरायची.

मग थीम. पेज लेआउटमध्ये कलर्स, त्यात कस्टमाइझ कलर्स, तिथे ॲक्सेंट १ ते ६ मध्ये आपले रंग भरायचे आणि नाव देऊन सेव्ह करायचं. त्यानंतर एक चार्ट मनासारखा सजवायचा, फाँट, ग्रिडलाइन, लेबल, सगळं, आणि त्यावर राइट क्लिक करून 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'. पुढचा प्रत्येक चार्ट त्या टेम्प्लेटवरून. पण लक्षात घ्या, टेम्प्लेटसुद्धा रंग क्रमानेच लावतं, नाव बघून नाही, म्हणून मधलं टेबल नसेल तर नुसत्या टेम्प्लेटने काही साधत नाही. मी आधी टेम्प्लेटच केलं होतं आणि तीन महिने डोकं धरून बसले होते.

पिव्होट चार्टच लागत असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे चार्टच्या भागात 'प्रॉपर्टीज फॉलो चार्ट डेटा पॉइंट' असा पर्याय आहे. चालू असला तर हाताने केलेलं फॉरमॅटिंग त्या त्या डेटा पॉइंटबरोबर फिरतं, बंद असला तर त्या जागेला चिकटून राहतं. फिल्टर बदलून दोन्ही करून बघा, तुमच्या पिव्होटला कुठलं जुळतं ते दोन मिनिटांत कळतं.

पॉवर बीआयमध्ये विभागाच्या टेबलातच रंगाचा एक कॉलम ठेवायचा, त्यात रंगाचा कोड, आणि बारच्या रंगाला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये 'फील्ड व्हॅल्यू' निवडून तो कॉलम द्यायचा. पायथनमध्ये नाव आणि रंग यांची डिक्शनरी, आरच्या जीजीप्लॉट या चार्ट लायब्ररीत नावं दिलेला व्हेक्टर (यादी). सगळीकडे तत्त्व एकच, रंग नावाला बांधा.

आणि खरं सांगू का, निम्म्या चार्टना इतके रंग लागतच नाहीत. मोठ्यापासून लहान असा लावलेला बार चार्ट असेल तर नावं शेजारी लिहिलेलीच असतात, मग प्रत्येक बारला वेगळा रंग कशाला? सगळे बार मध्यम करडे आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तेवढा एक निळा. एक्सेलमध्ये यासाठी दोन कॉलम करा, एकात सगळे आकडे, दुसऱ्यात इफ लावून फक्त हव्या त्या विभागाचा आकडा आणि बाकी एनए, दोन्ही सिरीज चार्टमध्ये घ्या आणि सिरीज ओव्हरलॅप १०० टक्के करा. वरचा निळा बार खालच्या करड्याला झाकतो. विभागाचं नाव एका सेलमध्ये ठेवलं तर तिथे नाव बदललं की हायलाइट आपोआप हलतो, हातानं रंगवायची भानगडच संपली.

"आमची लाइन कुठली?"

हा प्रश्न येतो कारण लेजंड, म्हणजे कुठला रंग कुणाचा ते सांगणारी चौकट, उजव्या कोपऱ्यात असतं आणि लाइन डावीकडून येते, मग डोळ्यांची टेबल टेनिस. लेजंड काढून टाका. प्रत्येक लाइनच्या शेवटच्या पॉइंटवर एकदा क्लिक, परत क्लिक म्हणजे तेवढाच पॉइंट निवडला जातो, मग त्याला डेटा लेबल द्या, लेबलमध्ये सिरीज नेम चालू आणि व्हॅल्यू बंद, जागा उजवीकडे, अक्षरांचा रंग लाइनचाच. उजवीकडे नावं मावतील इतका प्लॉट एरिया आत ओढा. शेवटचे पॉइंट जवळजवळ असतील तर लेबलं एकमेकांवर चढतात, तिथे हाताने हलवण्यावाचून गत्यंतर नाही, निदान मला तरी सापडलेली नाही.

सात-आठ लाइन असतील तर ते कुठल्याच रंगाने सुटत नाही. प्रत्येक विभागाचा छोटा चार्ट करा, सगळ्यांचा अक्ष सारखा ठेवा आणि शेजारी शेजारी लावा.

पाय चार्टबद्दल भांडण नको. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो, लांबी आणि कोन त्याच्या खाली. दोन-तीन तुकडे असतील तर पाय चालून जातो. थ्रीडी मात्र कुठल्याच चार्टला नको, आणि बारचा अक्ष शून्यापासूनच.

"माझ्याकडे वाचूनच दाखवत नाही"

यावर जरा थांबते, कारण इथे मी सगळ्यात जास्त चुकले होते. आमचे एक सहकारी स्क्रीन रीडरवर काम करतात, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं आवाजात वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मी पीडीएफ पाठवायचे, ते म्हणायचे "कळलं नाही हो", आणि मी परत तीच पीडीएफ पाठवायचे. एकदा त्यांच्या शेजारी बसले आणि हेडफोनचा एक भाग कानाला लावला. पहिल्या पानावर आवाज म्हणाला: शून्य, पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, जाने, फेब्रु, मार्च, एप्रिल, मे. मग एकदम मधलाच एक परिच्छेद, अर्ध्यातून. मग "ग्राफिक". मग "ग्राफिक". मग पान क्रमांक. मी ज्या चार्टवर दोन दिवस घालवले होते त्यातलं एवढंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

कारणं दोन निघाली. एक, मी पीडीएफ प्रिंट मेनूतून करत होते. प्रिंटने केलेल्या पीडीएफमध्ये मथळा कुठला, चार्ट कुठला, वाचायचा क्रम काय, ही रचना जातच नाही, म्हणून स्क्रीन रीडर अक्षाचे आकडे सुटे सुटे वाचत सुटतो. त्यापेक्षा 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' वर टिक आहे ना ते बघा. वर्डमध्ये चार्ट 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा, तरंगता ठेवला तर वाचायच्या क्रमात तो भलतीकडे जातो.

दुसरं, काही चार्ट मी पिक्चर म्हणून पेस्ट केले होते आणि ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राच्या जागी वाचतो ते वर्णन, दिलंच नव्हतं. पिक्चर का, तर साधं पेस्ट केलं की समोरच्या फाइलची थीम लागते आणि रंग बदलतात. त्याला 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' हा पेस्टचा पर्याय आहे, चार्ट चार्टच राहतो आणि रंगही टिकतात.

ऑल्ट टेक्स्ट चार्टवर राइट क्लिक करून देता येतं. तिथे 'बार चार्ट' एवढंच लिहून मोकळं होऊ नका, ते न लिहिल्यासारखंच. मी असं लिहिते: "लाइन चार्ट, जानेवारी ते जून, दर महिन्याच्या तक्रारी. जानेवारीत ४१०, मार्चमध्ये सगळ्यात जास्त ४६०, नंतर सतत घट, जूनमध्ये २३०." प्रकार, विषय, आणि फोनवर कुणाला सांगितलं असतं ते एक वाक्य. पॉवर बीआयमध्ये २५० अक्षरांची मर्यादा आहे, एवढ्यात हे आरामात बसतं. सगळे आकडे ऑल्ट टेक्स्टमध्ये कोंबायचे नाहीत, त्यासाठी चार्टखाली साधं टेबल द्या, ते बाकीच्यांनाही कॉपी करायला उपयोगी पडतं. पॉवर बीआयचा डॅशबोर्ड असेल तर सिलेक्शन पेनमध्ये टॅब ऑर्डर लावा आणि सजावटीचे चौकोन-रेघा त्यातून वगळा, नाहीतर कीबोर्डवाला माणूस दहा वेळा टॅब दाबून रिकाम्या चौकोनांतूनच फिरत राहतो.

एक गंमत म्हणजे ऑल्ट टेक्स्ट लिहायला लागल्यावर माझे मथळे सुधारले. पूर्वी 'मासिक तक्रारींचा आढावा' असायचं, आता 'मार्चनंतर तक्रारी निम्म्यावर'. आणि एखाद्या चार्टचं ऑल्ट टेक्स्ट लिहिताना काहीच सुचत नसेल तर तो चार्ट मी काढूनच टाकते. पंधराचे नऊ झालेत, अजून कुणी विचारलं नाही बाकीचे कुठे गेले.

किरकोळ पण परत परत येणारं

फिकट करडी अक्षरं. डिझाइन मस्त वाटतं म्हणून अक्षावरचे आकडे १५३, १५३, १५३ वाल्या करड्यात ठेवतात, त्याचा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट २.८ च्या आसपास, आणि साध्या मजकुराला ४.५:१ लागतो. ११८ तिन्हीकडे टाका, ४.५ च्या किंचित वर येतो. त्याहून फिकट जाऊ नका. ग्रिडलाइन फिकट असल्या तर चालतं.

तिरकी लेबलं. नावं लांब असली की एक्सेल ती तिरकी करतं आणि वाचणारा मान वाकडी करतो. बार आडवे करा, सुटला प्रश्न.

मराठी लेबलं. मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी टाकलं की चौकोनी डबे येतात, कारण त्याच्या नेहमीच्या डेजावू सान्स फाँटमध्ये देवनागरी नाहीच. नोटो सान्स देवनागरी लावला की अक्षरं दिसतात, पण 'विक्री'ची वेलांटी भलत्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी पडलेली असू शकतात, कारण अक्षरं दिसणं आणि ती नीट जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं झालं तर एमपीएलकैरो हा बॅकएंड वापरा, किंवा ब्राउझरमध्ये चार्ट काढणारी लायब्ररी घ्या, ब्राउझरला देवनागरी नीट जुळवता येते. आणि मराठी मथळ्याला दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वरचा रफार खालच्या उकाराला लागला की वाचणं अवघड होतं.

इतकं करूनही पाठवायच्या आधी मी तीन गोष्टी बघतेच: रिव्ह्यूमधलं 'चेक ॲक्सेसिबिलिटी', एकदा करडी स्क्रीन, आणि मागच्या महिन्याची फाइल शेजारी उघडून विभागांचे रंग जुळतात का ते. पहिल्यावर भिस्त ठेवू नका, ऑल्ट टेक्स्टबद्दल ते आहे की नाही एवढंच सांगतं, त्यात 'चार्ट ४' लिहिलंय का हे त्याला कळत नाही. तेवढं एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून स्वतः ऐकते, डोळे मिटून, एका पानापुरतं.